कुंकू लावलेली मशीन

यंदाच्या रंगांची यादी आली. पितृपक्ष अजून सरायचाय, पण कुणीतरी मोबाईलवर पहिल्या माळेपासून नवव्या माळेपर्यंतचे नऊ रंग टाकले आणि तासाभरात माझ्या दाराशी चपलांचा ढीग पडला. कोणत्या दिवशी कोणता रंग नेसायचा हे कुठल्या पोथीत लिहिलंय, मला ठाऊक नाही. माझ्या आईचं सगळं नवरात्र दोन लुगड्यांत व्हायचं, आणि त्यावरून देवी तिच्यावर रुसल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण मी रंगांना नावं ठेवणार नाही. मी ब्लाऊज शिवते. नऊ रंग म्हणजे नऊ ब्लाऊज, आणि ज्याच्यावर चूल पेटते त्याला नावं ठेवू नयेत एवढं मला कळतं.

हा हंगाम मला नाकानं कळतो. नव्या अस्तराच्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि कुठंतरी झेंडूच्या गोण्या उतरायला लागल्या की त्यांचा ओलसर, कडवट वास. फरशीवर दोऱ्याचे इतके तुकडे पडतात की तळपायांना चिकटून ते देवघरात, स्वयंपाकघरात, एखादेवेळी भाजीतसुद्धा पोहोचतात. बजाजनगरात राहायचो तेव्हा गल्लीतल्या पोरी माझ्या पदराला चिकटलेला दोरा बघून ओरडायच्या, "उद्या हिरवा गं!" यादी बघायची त्यांना गरज नसायची.

आणि मापाचे ब्लाऊज! बाई मापाला म्हणून जो ब्लाऊज आणते तो हमखास दहा वर्षांपूर्वीचा असतो. "याच मापाचा शिवा, फक्त जरासा सैल." जरासा म्हणजे किती हे ती सांगत नाही, आणि आपण विचारलं तर तिला राग येतो. म्हणून मी टेप बाहेर काढतच नाही. बाई दारातून आत येऊन बसेपर्यंत नजरेनं माप घेते आणि शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना बोटबोट कापड जास्तीचं सोडते. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. पुढच्या वर्षी तीच बाई येते, "मागच्या वर्षीचा जरा उसवून द्या" म्हणते, आणि मी काही न बोलता उसवून देते.

हे सगळं जिच्यावर झालं ती माझी मशीन काळी, लोखंडी पायांची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पडेगावच्या एका टेलर मास्तरांकडून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. तिच्यावरची सोनेरी वेलबुट्टी तेव्हाच अर्धी पुसलेली होती, उरलेली माझ्या मनगटानं पुसली. पायडलवर माझ्या उजव्या पावलाचा चकचकीत ठसा आहे. तिचं सगळं मला आवाजावरून कळतं. तेल कमी पडलं, पट्टा सैल झाला, सुई बोथट झाली, की ती आधी आवाज बदलते आणि मग कुरकुर करते. माणसं बहुधा उलटं करतात.

नवरात्र जवळ आलं की मला हटकून एकच नवरात्र आठवतं. चार वर्षांपूर्वीचं. त्या नऊ दिवसांत ही मशीन राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

झालं असं, की माझ्या मुलानं, संदीपनं, चिकलठाण्याला फ्लॅट घेतला. त्याची कंपनी तिकडे, आणि रोज अख्खं शहर ओलांडून जायला-यायला तो कंटाळला होता. दसऱ्याला गृहप्रवेश ठरला. फ्लॅट चांगला होता, हवेशीर होता, मला एक स्वतंत्र खोली होती. माझी तक्रार काहीच नव्हती. एके संध्याकाळी सूनबाई, पूनम, मोबाईलमध्ये हॉलचं चित्र दाखवायला बसली. इथं सोफा, इथं टीव्ही, इथं कुंड्या. मी विचारलं, "आणि मशीन?"

ती संदीपकडे बघायला लागली. संदीप भिंतीकडे बघायला लागला.

"आई, ती लई जड है," तो म्हणाला. "आन् तुझं गुडघं बघ. डॉक्टरनी काय सांगितलं? पायडल बंद. एक दुकानवाला है वळखीचा, जुनी मशीन घेतो आन् नवी देतो. लाइटवरची. एवढीशी. वापरून झाली की कपाटात ठिवायची."

"आई, खूप केलं तुम्ही," पूनम म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली, हे मला मान्य आहे. "आता हौसेपुरतं शिवा."

हौसेपुरतं! मी जेवण अर्धं टाकून उठले. हौस म्हणजे लोणच्यात जास्तीची मोहरी घालणं, हौस म्हणजे दारात रांगोळी काढणं. मी छत्तीस वर्षं जे केलं ती हौस नव्हती. ह्यांच्या कंपनीत टाळं लागलं तेव्हा अकरा महिने या घराचं दूध, भाजी, संदीपची वह्यापुस्तकं या मशीनखालून आली. ते मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी मात्र भांडी जोरजोरात घासली.

गुडघा दुखत नव्हता असं नाही. खोटं कशाला बोलू? तिसऱ्या माळेनंतर तो इतका सुजायचा की मोरीतून उठताना मी नळाला धरायची. पण दुखणाऱ्या गुडघ्यावर मलम लावतात. त्याच्या नावाखाली बाईचा धंदा कपाटात ठेवत नाहीत.

मशीन दुरुस्त करणारे शकूरभाई दरवर्षी घट बसायच्या आधी त्यांच्या मोपेडवरून यायचे. त्या वर्षी आले, तेव्हा संदीप मुद्दाम घरी थांबला. म्हाताऱ्यानं झाकण काढलं, फुंकर मारली, तेल सोडलं, चाकाला एक गरका दिला आणि कान लावून बसले.

"चाचा, खरं सांगा, झाली ना आता हिची?" संदीपनं विचारलं.

"मशीन कू कुच नई हुआ," शकूरभाई म्हणाले. "घुटना तुमारी अम्मा का खराब है. घुटना बदलो, मशीन नक्को बदलो."

मी आत जाऊन चहात जास्तीची साखर घातली.

पण संदीप माझाच मुलगा. हट्ट त्याला कुठून आला, हे दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही. आठव्या माळेला संध्याकाळी नवी मशीन घरात आली. पांढरी, हलकी, एका हातानं उचलता येईल अशी. दुकानाचा माणूस उद्या दहाला जुनी न्यायला येणार होता. संदीपला नवमीची सुट्टी होती, म्हणून त्यानं तोच दिवस दिला होता.

मी तिला चालवून बघितली. तोंड फिरवून बसायला मी काही नवीन सून नव्हते. साध्या कापडावर ती लोण्यासारखी चालली. काज तर तिनं असं घातलं, की मी ते उजेडात धरून दोनदा बघितलं. हातानं तसं घालायला मला पाव तास लागतो. मग मी तिच्याखाली पैठणीचा काठ दिला, अस्तरासकट चार पदर. तिनं दोनदा टकटक केलं आणि थांबली. पण त्यावरून मी तिला नापास केलं नाही. जाड सुई लावली असती तर कदाचित तीही शिवली असती. तिच्यात खोट नव्हती. मला सलत होतं ते तिचं कपाट. जी वस्तू काम झालं की आत ठेवायची असते, ती कामाची आठवणसुद्धा आत नेते. दोन दिवस बाहेर निघत नाही, मग आठवडा, मग कुणीतरी म्हणतं, "आता आई शिवत नाहीत." माझी मशीन उघड्यावर उभी असते. तिच्या शेजारून जाताना माणसाला वळसा घालावा लागतो. घरात माझ्या कामाला एवढी जागा लागते, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं.

इथं मला ह्यांची आठवण येते. खंडेनवमीला, म्हणजे हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, कंपनीत घरच्यांना बोलवायचे. तेलकट जमीन धुवून स्वच्छ केलेली, प्रत्येक मशीनला झेंडूची माळ. हे मला आणि संदीपला घेऊन त्यांच्या पत्रा दाबायच्या प्रेसपाशी उभे राहायचे आणि एरवी दोन शब्द न बोलणारा हा माणूस ती कशी दाबते, कशी सोडते, हे हातवारे करून सांगायचा. त्या माणसाला कुणी कधी म्हटलं नाही, आता हौसेपुरती प्रेस चालवा. वय झालं तेव्हा शाल दिली, नारळ दिला, भाषण केलं आणि निवृत्त केलं. निवृत्त करायलाही निदान एक कंपनी लागते. मला निवृत्त करणारे हे कोण, असं मी त्या संध्याकाळी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं, आणि पूनमनं आतून विचारलं, "काही म्हणालात का आई?"

नवमीला पहाटे, कर्णपुऱ्याच्या देवीला अनवाणी निघालेल्या बायकांचे आवाज रस्त्यावरून येत होते, तेव्हा मी उठले. आंघोळ केली. मशीन पुसली, चाकाला हळदीकुंकू लावलं, माळ घातली, पुढ्यात कात्री, टेप, खडू मांडले आणि नारळ फोडला. एरवी मी ही पूजा संध्याकाळी करते, शेवटचा ब्लाऊज देऊन झाला की. त्या दिवशी मुद्दाम पहाटे केली. कारण आमच्याकडे रीत आहे: हत्याराला एकदा कुंकू लागलं, की दसरा उजाडेपर्यंत ते जागचं हलवायचं नाही. लबाडी होती का? होती. पण देवीचीच रीत वापरली, बाहेरची नाही.

संदीप उठला, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आई, आज माणूस येणार है!"

"येऊ दे की. प्रसाद घेईल."

दहाला दुकानाचा माणूस आला. चांगला दांडगा गडी होता, खाली टेम्पो उभा केलेला. दारातूनच त्याला माळ दिसली, कुंकू दिसलं. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि मागं सरला. "नाय मावशी. पुजलेलं हत्यार मी नाय उचलत. माझ्या घरी बी आज जॅक पुजलाय, पाने पुजलेत." त्यानं खोबरं घेतलं आणि तो गेला. मी जिंकले होते. पूनमकडे बघून मी हसलेसुद्धा.

आणि तेव्हाच मला ते दिसलं. मशीनच्या सुईखाली, माळेच्या आड, सुरेखाचा जांभळा ब्लाऊज अडकलेला होता.

सुरेखा समोरच्या ओळीत राहायची. नववी माळ जांभळी होती, संध्याकाळी मंडळाच्या आरतीचं ताट तिच्या हातात होतं, आणि तिच्या ब्लाऊजला एकच बाही लागलेली होती. रागाच्या भरात मी कापडाकडे न बघता वरून पूजा केली होती. कुंकू लागलेली मशीन जशी हलवायची नसते, तशी चालवायचीही नसते. दुसऱ्यांसाठी विणलेल्या जाळ्यात माझाच पाय अडकला. सुईचं टोक कापडात रुतलेलं, आणि ते वर घ्यायचं तर चाक फिरवायला हवं.

"अर्धा फेरा चालतो का, आई?" पूनमनं विचारलं. तिनं चेहरा अगदी गंभीर ठेवला होता, एवढं मानायलाच हवं.

"नाय चालत," मी म्हटलं. सुईचा स्क्रू सैल केला, दोरा दातानं तोडला आणि सुईसकट ब्लाऊज बाहेर ओढून घेतला.

संदीपला हीच संधी होती. त्यानं पांढरी मशीन टेबलावर ठेवली, वायर लावली, खुर्ची सरकवली. "घे. हिला कुठं कुंकू लागलंय? हिच्यावर शीव."

त्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. ती मशीन कोरी होती, पुजलेली नव्हती, दहा मिनिटांत बाही लागली असती. मी मात्र सुईदोऱ्याचा डबा घेतला, दाराच्या उंबऱ्याशी पाट टाकला आणि हातसुई ओवली.

"वेडी झालीस का?" संदीप म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. "उजेडातून बाजूला हो."

अख्खी दुपार मी उंबऱ्यावर बसून ब्लाऊज शिवला. बाहीला उलटी टीप, बाजूच्या शिवणीला उलटी टीप, एकेक टाका मोजून, तांदळाच्या दाण्याएवढा. लग्नाआधी आमच्या गावी मशीन कुणाकडेच नव्हती. मी शिकले ती अशीच, हातानं. बोटं काही विसरली नव्हती. तिसऱ्या टाक्याला त्यांना लय सापडली. गुडघा नऊ दिवसांत पहिल्यांदा मोकळा पसरलेला होता. आत पुरण शिजत होतं. येणारी-जाणारी थांबून विचारत होती, "मशीन बिघडली का?" आणि मी म्हणत होते, "मशीन सुट्टीवर है, मी नाय."

चारच्या सुमाराला सुरेखा आली. मला तशी बसलेली बघून तिचा जीव खाली-वर झाला.

"अवं वहिनी, हातानं? टिकंल का?"

"ओढून बघ."

तिनं ओढून बघितलं. दोन्ही हातांनी, जोर लावून. शिवण हलली नाही. मग ती माझ्या शेजारी बसली आणि तिनं हूक लावायला घेतले. तिचे हूक वाकडे बसले. मी ते मागून काढून पुन्हा लावले. पण ती बसली.

त्या दुपारी एक गोष्ट मला पक्की कळली. मशीन गेली तर माझा धंदा जाईल, या भीतीनं मी पहाटे उठून कपट केलं होतं. ती भीतीच चुकीची होती. मशीन नसतानाही शिवण लागते. लोखंड गेलं असतं तरी मी शिवणारीच राहिले असते. मग मशीन ठेवायची कशाला? ठेवायची, कारण मला ती हवी आहे. एवढं कारण पुरे आहे. घरातल्या पुरुषानं गाडी घेतली तर त्याला कारण विचारत नाहीत. बाईच्या हव्याला मात्र गुडघ्याचं प्रमाणपत्र लागतं, डॉक्टरची चिठ्ठी लागते, हॉलचं माप लागतं. मी ते काहीच देणार नव्हते.

आरतीनंतर सगळे जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं. आवाज चढवला नाही.

"उद्या मशीन चिकलठाण्याला येणार. माझ्या खोलीत नाय, हॉलमधी. खिडकीपाशी उजेड है, तिथं."

"आन् सोफा?" संदीपनं विचारलं.

"सोफ्यावर बसून मी काय करू?"

"आन् गुडघं?"

"मशीन माझी, गुडघं बी माझं. दोघांचं मी बघीन. तुला माझी काळजी असंल तर पुरणपोळी वाढ."

पूनमनं पोळी वाढली, वर तूप घातलं आणि हळूच म्हणाली, "नवी परत पाठवू नका. काजांना ठेवा." मी तिच्याकडे बघितलं. मुलगी अडाणी नव्हती. मी मान हलवली.

दसऱ्याला मशीन टेम्पोतून निघाली. जालना रोडवर त्या सकाळी प्रत्येक गाडीला हार होते, ट्रकना, रिक्षांना, सायकलींनासुद्धा. आमच्या टेम्पोत मागे माझी मशीन उभी, तिच्या गळ्यात कालची माळ, आणि मी तिच्या शेजारी उलट्या बादलीवर बसलेले. केबिनमध्ये बस म्हणून संदीपनं तीनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. लिफ्टमध्ये ती मावली नाही. चौघांनी जिन्यानं उचलून नेली, आणि प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडून बाया बघत होत्या. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तीन जणींनी विचारून घेतलं होतं, कटोरी ब्लाऊज शिवता का.

पुढं शकूरभाईंनी तिला छोटी मोटर बसवून दिली. हो, बसवून घेतली. जिद्द आणि मूर्खपणा यात फरक असतो. गुडघा ठणकतो त्या दिवशी मी बटण दाबते. एरवी पट्टा चढवते आणि पायानं चालवते. पांढरी मशीन काज घालते आणि मुकाट्यानं पूनमच्या टेबलावर राहते. कपाटात एकीचीही रवानगी झाली नाही.

आता यादी आल्यापासून माझी खिडकी पुन्हा नऊ रंगांनी भरली आहे. पहिल्या माळेचे सगळे कापून झालेत, दुसरीचे खडूच्या खुणांत आहेत. परवा दुपारी मी एका बाहीशी झुंजत असताना सोसायटीचे सेक्रेटरी आले. रहिवाशांची माहिती भरायचा फॉर्म संदीपनं आदल्या दिवशी भरून ठेवला होता, तो घ्यायला आले होते. फॉर्म मशीनवरच, कापडाच्या ढिगावर होता. देता देता मी वाचला. संदीप, खासगी नोकरी. पूनम, शिक्षिका. माझ्या नावापुढे, व्यवसायाच्या रकान्यात, त्याच्या त्या सुबक अक्षरात: घरीच असते.

त्यानं वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. सवयीनं लिहिलं होतं, आणि सवयीचा मला जास्त राग येतो. खडू टाकून मी पेन मागितलं. ते दोन शब्द एका सरळ रेघेनं खोडले, अस्तरावर रेघ मारते तशी, आणि वर लिहिलं: शिवणकाम.

सेक्रेटरी भला माणूस. म्हणाले, "काकू, खाडाखोड चालत नाही. थांबा, दुसरा कोरा फॉर्म आणून देतो."

"नको," मी म्हटलं. "खोडलेलं दिसू द्या."